बावखलातली टोपली

चैती माझ्या आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठी असेल. तरी आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा तिला 'ए चैती' अशीच हाक मारायचं. मासळी घेऊन येणारी अर्नाळ्याची कोळीण आमची मावशी होती, बांगड्या भरणारी बाई काकी होती, शेजारच्या वाडीतली खाष्ट म्हातारी मामी होती. चैतीला कुठलंच नातं लावलेलं नव्हतं. मी शिकलेली, गावच्या शाळेत टीचर झालेली, मोठ्यांना मान द्या म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडणारी. मीसुद्धा तिला 'ए चैती'च म्हणत होते. ती मला 'बाय' म्हणायची आणि ते मला अगदी बरोबर वाटायचं.

निवृत्तीच्या दिवशी शाळेत माझा सत्कार झाला. एका विद्यार्थ्याने माइकवर विचारलं, "टीचर, तुम्हाला आयुष्यात सर्वांत जास्त कोणी शिकवलं?" मी ताबडतोब आमच्या जुन्या फादरांचं नाव घेतलं, हेडबाईंचं घेतलं. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. घरी येताना रिक्षात चैती आठवली आणि माझे कान तापले. तिचं नाव घ्यायचं म्हणजे पुढची गोष्टही सांगावी लागली असती, आणि ती सांगायची माझी छाती नव्हती. आज सांगते. आता सांगितली नाही तर राहूनच जाईल.

वसईजवळच्या वटारला आमची केळीची आणि पानवेलीची वाडी. मी सांगते ते सत्तरच्या पुढचे दिवस. रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे जे काही होतं त्याला आमच्याकडे नुसतं 'वर' म्हणत, आणि तिथून कामाला येणारे आदिवासी म्हणजे 'वरची माणसं'. चैती वारली जमातीची. तुंगारेश्वरच्या डोंगराखाली तिचा पाडा. नवरा होता तोवर तिथे तिची भाताची दोन खाचरं होती. ती कशी गेली, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कागद आला, बाय. वाचाया कोन व्हता? मंग तारा आल्या." तारा म्हणजे काटेरी कुंपण. पुढे नवरा तापाने गेला, मुलगा आणि सून वीटभट्टीवर गेली ती तिकडेच राहिली, आणि सोमी नावाची पाच-सहा वर्षांची नात घेऊन चैती आमच्या वाडीच्या कोपऱ्यात झोपडी बांधून राहिली. झोपडीच्या शेजारीच आमचं बावखल होतं. वसईच्या वाड्यांमधून गोड्या पाण्याचे असे मोठे खड्डे असतात, त्यांना आम्ही बावखल म्हणतो. पावसाळ्यात ते तुडुंब भरतं आणि एका अंगाने पाटातून वाहायला लागतं.

अंगाने चैती म्हणजे मूठभर. काळी, गुडघ्यापर्यंत लुगडं, कमरेला आकडीत अडकवलेला कोयता आणि कानावर बिडी. तोंड मात्र असं की विचारू नका! केळींशी ती माणसांसारखी भांडायची. "पानी पितेस, खत खातेस आन् घड देयाला मरतेस काय गो?" असं एखाद्या झाडाला खडसावताना ऐकून बाबा पानवेलीत उभे राहून हसायचे. बाबांनाही ती सोडत नसे. लोंगर, म्हणजे केळीचे घड, उतरवायची त्यांची घाई दिसली की खाली कोयता टाकून म्हणायची, "शेट, चार दीस थांब. जमीन हाय तुला, पन कळ नाय." गावात बाबांपुढे ब्र काढायची कोणाची टाप नव्हती. चैतीपुढे ते निमूट चार दिवस थांबायचे.

अशी ही तोंडाळ बाई एक शब्द कधीच उच्चारत नसे. भूक. पोटात काही नसलं की ती आमच्या मागच्या दारी यायची, उंबऱ्याबाहेर उकिडवी बसायची आणि हवेवर बोलायची. "आज वारा लय सुटलाय." नाहीतर, "ढग डोंगराकडं चाललं, बाय." आईला ते कळायचं. ती पेजेचं भांडं आणून चैतीच्या वाडग्यात ओतायची आणि स्वतःही हवेवरच बोलायची. माझी आई वाईट बाई नव्हती, हे मला इथेच सांगून टाकायला हवं. आमच्या घरात कोणीच वाईट नव्हतं. तीच तर पंचाईत आहे.

दुपारी मजुरांना भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मिळायचं. चैती भाकरी अर्धी खायची आणि अर्धी पदराला गाठ मारून ठेवायची. मी चेष्टा करायचे, "काय गं चैती, बँकेत ठेवतेस का?" तीही हसायची. ती उरलेली अर्धी संध्याकाळी सोमीच्या हातात दिसायची, आणि मजुरीचं काम नसेल त्या दिवशी तीही दिसायची नाही. ते मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू? दिसत होतं, पण त्याचा विचार करावा असं काही वाटत नव्हतं.

एकदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आई दुपारची जेवली नाही. चैती मागच्या दारी आली होती, तिला हे काही केल्या उमगेना. "घरात तांदूळ हाय, चूल हाय, आजारी नाय, तरी जेवली नाय?"

आईने तिला समजावलं की हा आमचा धर्म. आम्ही प्रभूसाठी एक वेळ सोडतो आणि वाचलेलं गरिबांसाठी देवळातल्या पेटीत टाकतो.

चैतीने मन लावून ऐकून घेतलं आणि मग अगदी साधेपणाने विचारलं, "ते गरीब कुठं राहतात?"

"असतात कुठेकुठे," आई म्हणाली आणि आत निघून गेली. मी खो खो हसले. पुढे कितीतरी दिवस पाहुणे आले की मी चैतीची नक्कल करून हा किस्सा सांगायचे आणि पाहुणेही हसायचे.

शाळेत एका वर्षी आहार सप्ताह होता. मी घरी ओटीवर बसून तक्ता रंगवत होते. दूध, अंडी, सफरचंद, गाजर, कोबी, गव्हाची पोळी, सगळं कसं रंगीत. चैती खांबाला टेकून बघत होती. एकेका चित्रावर बोट ठेवून विचारत गेली, हे काय, ते काय. मी सांगत गेले. माझं सांगून झाल्यावर तिने बोटांवर मोजत स्वतःचं सुरू केलं. पहिला पाऊस पडला की शेवळं, मग टाकळा, मग कोळीची भाजी, करटुली, खाचरातल्या मुठ्या, चिंबोऱ्या, मोहाच्या दिवसांत मोहाची फुलं. प्रत्येकाला महिना होता. ते कुठे मिळतं, कसं रांधायचं, कोणाला द्यायचं नाही, हे सगळं तिला पाठ. मग पुन्हा तक्त्याकडे बघून म्हणाली, "तुज्या कागदाव आषाढ कुठं हाय, बाय? आषाढात काय खावाचं?"

"आषाढातही हेच खायचं," मी म्हटलं. "समतोल आहार बाराही महिने सारखाच."

"बरा हाय," म्हणून ती उठून गेली. तक्त्याला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं.

आता रेशनकार्डाचं सांगायला हवं. चैतीचं कार्ड बाबांनीच खटपट करून काढून दिलं होतं. वाडीत राहणाऱ्या आदिवासी बाईचं कार्ड काढून देणारा माणूस म्हणून बाबांचं गावात नाव झालं होतं. पण कार्ड चैतीच्या झोपडीत नव्हतं, ते आमच्या घरात आईच्या पत्र्याच्या पेटीत होतं. झोपडी गळते, कार्ड भिजेल, म्हणून आम्ही ते सांभाळत होतो. हे अर्धं खरं. उरलेलं असं की त्या काळात साखर आणि पामतेल म्हणजे रेशनवरच, आणि नाताळचं गोडधोड, पाहुणेरावळे, कार्यं आमच्या एका कार्डात भागत नसत. चैतीला साखर लागतेच कुठे, ती तर बिनदुधाचा गुळाचा चहा पिते, असं आई म्हणायची. चैती आठवड्याला येऊन कार्ड मागून न्यायची, स्वतःचं धान्य आणायची, आमची साखर आणायची, आणि कार्ड परत पेटीत ठेवायला द्यायची. तिच्याच कार्डावरची साखर तीच आम्हाला आणून देत होती आणि वर आम्ही तिला म्हणत होतो, "नीट झाकून आणलीस ना? ओली नाही ना झाली?" आमच्या आळीत हे घरोघर चालायचं. वाडीत माणूस ठेवला की त्याचं कार्ड मालकाच्या पेटीत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

त्या वर्षी माझा साखरपुडा श्रावणात करायचा ठरला. मुलाकडची माणसं मोठी, म्हणजे कसं सगळं नीट व्हायला हवं. पापडी गावातली माझी मावशी गोडाचं सगळं करणार होती. तिला साखर कमी पडत होती, म्हणून आईने आमचं कार्ड आणि चैतीचं कार्ड दोन्ही तिच्याकडे पाठवली. पापडीच्या दुकानात तिची ओळख होती, दोन कार्डांवरची साखर ती तिकडूनच उचलणार होती. कार्डं मावशीच्या पिशवीत मी माझ्या हाताने घातली. लाल पुठ्ठ्याच्या जुन्या वहीत घालून दिली, चुरगळू नयेत म्हणून.

आणि आषाढाने असा सूर धरला की नऊ-दहा दिवस पाऊस उघडेच ना. वाडीत काम बंद. काम बंद म्हणजे मजुरी बंद, दुपारची भाकरीही बंद. चैती मागच्या दारी आली. "पानी लय लागलंय, बाय."

आईने पेज दिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि या वेळी सरळच म्हणाली, "कार्ड दे. दुकानात मिलो आलाय म्हनतात." मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी लाल ज्वारी.

"अगं, कार्ड पापडीला आहे," आई म्हणाली. "पाऊस उघडला की मागवते."

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी दारात होते. कार्ड आलं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, "येईल गं, चार दिवसांनी काय बिघडतंय?" माझ्या हातात नवी साडी होती, तिला फॉल लावत होते. बाबांना चार दिवस थांबवणारी ती बाई मला एका शब्दाने बोलली नाही.

पापडी काही परदेशात नव्हती. टांग्याने तासाभराचं काम. छत्री घेऊन मी जाऊन आले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढचा दिवसभर झोपडीत फक्त सोमी होती. चैती संध्याकाळी आली, भिजून चिंब, डोक्यावर गोणपाट आणि त्यात काहीतरी जड. एवढ्या पावसात ती डोंगरात जाऊन आली होती. मला वाटलं, पाड्यावर जाऊन आली असेल.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी मी शाळेला निघाले होते. शॉर्टकट म्हणून बावखलाच्या कडेने गेले. बावखल भरून जिथे पाटात पडतं तिथे एक टोपली दोरीने बांधून पाण्यात बुडवून ठेवलेली दिसली. वर दगड ठेवलेला. ओढून बघते तर आत कसल्यातरी कंदाच्या पातळ चकत्या, पिवळट, बुळबुळीत, भोवती फेस. एका चकतीला मी जीभ लावून पाहिली. इतकी कडू की तोंड वाकडं झालं आणि जिभेला मुंग्या आल्या. झालं! मी कुठेतरी वाचलं होतं, वरची माणसं पाण्यात विषारी पाला-कंद टाकून मासे धरतात. आमची म्हैस त्या पाटाचं पाणी पीत होती. माझं डोकं असं फिरलं! टोपली उचलली, दोरी तोडली आणि तरातरा जाऊन शेणखताच्या खड्ड्यात उपडी केली. वरून काठीने ढवळलंही.

मग झोपडीपुढे जाऊन ओरडले, "चैती! पाण्यात विष घालतेस? आमच्या पाण्यात? अक्कल आहे का तुला?"

ती बाहेर आली. रिकामी टोपली माझ्या हातात होती. तिने टोपलीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. खड्ड्यापर्यंत चालत गेली, वाकली, आणि हात न घालताच परत सरळ झाली.

"दोन राती झाल्या व्हत्या, बाय," ती हळूच म्हणाली. "आजची येक रात राहिली व्हती."

"कशाची?"

"जेवनाची."

मग मला समजलं. तो कडूकंद होता. घरात दाणा नसेल तेव्हा वरची माणसं तो खणतात, चकत्या करतात, राखेच्या पाण्यात उकडतात आणि तीन रात्री वाहत्या पाण्यात ठेवतात. वाहत्याच, साठलेल्या नाही. कडू आणि विष पाण्याबरोबर निघून जातं, मग मीठ घालून खातात. आषाढात काय खावाचं, ह्याचं उत्तर ते होतं. मी ते शेणात कालवलं होतं.

त्या क्षणी माणूस काय करतो? पाया पडावं, निदान चुकलं म्हणावं. मी म्हटलं, "मग आधी सांगायचं नाही का?" आणि घड्याळ बघितलं, कारण पहिला तास माझा होता. जाता जाता आईला हाक मारून सांगितलं, चैतीला शेरभर तांदूळ दे. आणि चैतीला बजावलं, "पण पुन्हा आमच्या पाण्यात ते ठेवायचं नाही हां." एवढं सगळं कळल्यावरही हे वाक्य माझ्या तोंडून आलं. का आलं, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय! खोटी पडले होते ना, त्याचा राग. तो कुठेतरी काढायला हवा होता.

शेरभर तांदूळ दोन जिवांना किती पुरणार? आईनेही जास्त दिले नाहीत, कारण पाहुण्यांच्या जेवणाचे तांदूळ मोजून ठेवलेले होते. माझ्या पाहुण्यांच्या.

चैतीच्या झोपडीत निम्मे कंद उरले होते. वाहतं पाणी तिला मी बंद केलेलं. पाऊस मुसळधार, दुसरा ओहळ लांब, आणि तिथे टोपली टिकली नसती. तिने चकत्या झोपडीतच मडक्यात पावसाच्या पाण्यात ठेवल्या आणि पाणी बदलत राहिली. तांदूळ संपले त्या दिवशी दुपारी तिने त्या पुन्हा उकडून मीठ घातलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती सोमीला खांद्यावर टाकून आमच्या अंगणात आली. पोरीचं तोंड सुजलेलं, मान लुळी, ओकून ओकून नुसता फेस येत होता. चैतीचे स्वतःचे ओठही सुजलेले होते, तीही वाटेत दोनदा ओकली होती. बाबांनी टांगा आणला. आईने मला बरोबर पाठवलं, कारण दवाखान्यात बोलायला शिकलेलं माणूस हवं.

डॉक्टरांनी पोरीला टेबलावर घेतलं, नळी घातली. मग हात पुसत चैतीकडे वळले. "काय खायला घातलंस हिला?"

चैतीने सांगितलं.

"विष आहे ते! माहीत नाही तुला? एवढं वय झालं!"

चैतीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आता ही सांगणार. कार्ड, टोपली, बावखल, सगळं सांगणार, आणि ह्या डॉक्टरांची बहीण माझ्या होणाऱ्या सासरच्या शेजारी राहते. मला त्या वेळी टेबलावरच्या पोरीपेक्षा ह्याची जास्त धास्ती होती. तसंच होतं.

"माजाच हात चुकला," चैती म्हणाली.

आणि मी, टीचर, तक्त्याला पहिलं बक्षीस मिळवलेली, मी काय बोलले? मी म्हटलं, "डॉक्टर, ह्या लोकांना कितीही सांगा. काहीही खातात."

"टीचर, तुम्ही तरी शिकवा ह्यांना," डॉक्टर म्हणाले.

"हो, शिकवते," मी म्हटलं. चैती शेजारीच उभी होती. तिला मराठी कळत होती.

सोमी वाचली. चार दिवसांनी घरी आली. माझा साखरपुडा ठरल्या दिवशी झाला, गोड उत्तम झालं, सगळ्यांनी नाव काढलं. चैतीने मागच्या अंगणात पातेली घासली. दुसऱ्या दिवशी मावशीने कार्डं परत केली. आईला आतून खात असणारच, तिने चैतीला बोलावलं, कार्ड हातात दिलं आणि म्हणाली, हे आता तुझ्याकडेच ठेव. बरोबर कागदाच्या पुड्यात शेरभर साखरही दिली. मला मनातून वाटत होतं, हिने साखर नाकारावी. आमच्या तोंडावर फेकावी. म्हणजे निदान काहीतरी फिटलं असतं. चैतीने दोन्ही घेतलं. "सोमीला गोड आवडते," म्हणाली. मग पुड्याची गाठ नीट आहे ना, ते पाहिलं आणि निघाली.

दिवाळीपूर्वी ती झोपडी सोडून पाड्यावर गेली. भांडली नाही, कारण सांगितलं नाही. "सोमीला घेऊन जाते," एवढंच. बाबा तिला अडवायला कोपऱ्यापर्यंत गेले. त्यानंतर केळींशी भांडणारं आमच्याकडे कोणी राहिलं नाही.

मला वाटायचं, लग्न झालं, घर बदललं, आता विसरेन. विसरले नाही, त्याहून वाईट केलं. विज्ञानाच्या तासाला अन्नातून होणारी विषबाधा हा धडा आला की मी एक गोष्ट सांगायचे. एका अडाणी आदिवासी म्हातारीने नातीला विषारी कंद खायला घातला आणि पोर मरता मरता वाचली, पाहा, अज्ञानाचा परिणाम. पोरं आ वासून ऐकायची. किती वर्षं सांगितली असेल! गोष्टीत कार्ड नव्हतं, बावखल नव्हतं, खड्डा नव्हता. मी तर नव्हतेच.

ऐंशीच्या पुढे एका वर्षी मतदारयाद्यांचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात आलं आणि मला 'वर'चे पाडे मिळाले. ऑगस्टचा महिना, पावसाची उघडीप होती. चैतीच्या पाड्यावर गेले तेव्हा नावं लिहिता लिहिता मी तिच्याबद्दल विचारलं. सोमीचं लग्न झालं होतं, ती पलीकडच्या पाड्यावर नांदत होती. म्हातारी आहे, खाली ओहळावर गेलीय, असं कोणीतरी सांगितलं. कार्ड आहे का तिच्याकडे, असं मी विचारलं. आहे, पण दुकान दोन डोंगर पलीकडे, गेलं तर बंद, उघडं असलं तर माल नाही, असं उत्तर आलं. मी ते कुठल्याच रकान्यात लिहू शकत नव्हते.

ओहळाकडे उतरताना मी मनाशी वाक्य जुळवत होते. इतक्या वर्षांत ते शंभरदा जुळवलं होतं. चैती पाण्याच्या कडेला पाठमोरी उकिडवी बसली होती, पूर्वीपेक्षाही लहान झालेली, केस पांढरे. माझ्या चपलेने दगड घसरला तशी तिने मागे वळून पाहिलं. छत्री, इस्त्रीची साडी, काखेत रजिस्टर. तिने डोळे बारीक केले आणि मला ओळखलं.

ओळखल्याबरोबर तिने दोन्ही हात पाण्यात घातले, दगड बाजूला लोटला, बुडवलेली टोपली उपसून काढली आणि छातीशी धरली. टोपलीतून पाणी तिच्या लुगड्यावर गळत होतं.

"ह्यो व्हळ तुमचा नाय, बाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, घाई होती. "सरकारचा हाय. मी कोनाच्या पान्यात नाय ठेवली."

"चैती, मी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. मी एक पाऊल पुढे टाकलं तशी ती टोपलीसकट मागे सरकली, पाठ बोरीच्या झुडपाला लागेपर्यंत. आता ती हसेल, एखादा टोला हाणेल, असं मला उगाच वाटत होतं. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

मी हात मागे घेतले आणि वळले. वळणावरून बघितलं तर ती तशीच उभी होती, टोपली उराशी. मी दिसेनाशी होईपर्यंत ती टोपली पुन्हा पाण्यात ठेवणार नव्हती, म्हणून मी भराभर चालायला लागले.